नवरंग, सात्या आणि नववा रकाना

हिंगणी, ता. सेलू, जि. वर्धा
१२ ऑगस्ट

चि. धनंजय यास ताईचा सप्रेम जय भीम.

पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची असते म्हणून विचारते. उत्तर मला माधवीकडून आधीच कळलेलं आहे. फिरायला जातो असं सांगून तू सोसायटीच्या बाकावर बसून परत येतोस, आणि साखर दोनशे दहा निघाली. छप्पन्न वर्षांच्या भावाला रागावण्यात मला आनंद नाही, पण सवय आहे. माधवीच्या गुडघ्याला आता आराम असेल अशी आशा आहे. तिला हे पत्र वाचायला दे, ती तोंड बंद ठेवू शकते. माझी काळजी तुझ्याविषयीच आहे. वाचून झालं की कपाटात वरच्या खणात ठेव आणि भाच्यांना सांगू नकोस. फोन का नाही केला असं म्हणशील. फोनवर हे बोलता येत नाही. तुझे भाऊजी घरात असतात, आणि तू फोन स्पीकरवर टाकून सगळ्या घराला ऐकवतोस.

आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे तुझे भाऊजी ठीक आहेत. मी आठ दिवस एका जागी बसलेली नाही. एवढं लिहिताना दोनदा उठून फाटकापर्यंत जाऊन आले. तिथे काही काम नव्हतं.

झालं ते असं. जुलैच्या शेवटी आपली सरपंच रंजिता घरी आली. (तीच, जी सातवीत असताना बेडकाच्या आकृतीत हृदय पोटाखाली काढायची. आता गाव चालवते आणि बरं चालवते, हे कबूल केलं पाहिजे.) बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गावाची नवी कमान होणार आहे आणि तिच्यावर गावचा म्हणून एक जीव रंगवायचा आहे. वाघ नको, असं ग्रामसभेत ठरलं होतं. रंजिता म्हणाली, "बाई, या रस्त्यानं सगळ्यायच्या बोर्डावर वाघच हाये. पाहुण्याले वाटते, एकच गाव चार वेळा आलं." हे मला पटलं. शेवटी दोन नावं उरली होती. एक नवरंग पक्षी, दुसऱ्या सात्या. यांतलं एक निवडायला शास्त्र शिकलेलं माणूस पाहिजे होतं, आणि गावात एकोणऐंशी सालची बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र मी एकटीच आहे. (अळिंबीला आपल्या वेळी वनस्पतीतच धरत. आता तिचं वेगळं राज्य केलं आहे म्हणतात. मला कोणी विचारलं नाही.)

तू गाव सोडून तीस वर्षं झाली, म्हणून सांगते. नवरंग मेच्या शेवटी येतो आणि दसऱ्याच्या सुमाराला जातो. पाठ हिरवी, पोट फिकट पिवळसर, शेपटीखाली लाल, पंखावर निळा ठिपका, डोळ्यावरून काजळाची जाड रेघ आणि शेपूट जवळजवळ नाहीच. पहाटे आणि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी पांढरी अळिंबी. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस निघतात, आणि त्या चार दिवसांत सेलूच्या बाजारात बाया एकमेकींच्या टोपलीत डोकावतात. दोन जिवांची तुलना कशी करायची, असा प्रश्न मला पडला नाही. मी चौतीस वर्षं मुलांकडून बेडूक आणि झुरळ यांतला फरक लिहून घेतला आहे. मधोमध रेघ मारायची आणि दोन्ही बाजूंना लिहीत जायचं.

आणि खरं सांगते, रेघ मारल्यावर फरकापेक्षा सारखेपणाच जास्त निघाला. दोघंही एकाच हंगामात येतात आणि न सांगता जातात. दोघांनाही घरी पाळता येत नाही. दोघांचंही पोट उधईवर, म्हणजे वाळवीवर, चालतं. नवरंग पाला उलथून उधई खातो, आणि सात्या उधईनेच वारुळात लावलेल्या पिकातून वर येतात. नवरंग आधी ऐकू येतो आणि मग दिसत नाही. सात्या ऐकू येत नाहीत, आणि दिसल्या तर आधी दुसऱ्याला दिसतात. स्वभाव या रकान्यात मी दोघांपुढेही 'लाजाळू, पण हट्टी' असंच लिहिलं. रूपाचे पैकीच्या पैकी नवरंगाला आणि चवीचे सात्यांना. (नवरंगाला चवीचे गुण देता येत नाहीत, असा आक्षेप तुझ्या भाऊजींनी घेतला. मी म्हटलं, म्हणूनच शून्य दिले आहेत.)

आता माझी चूक. दोन्ही बाजू मांडायला मी माणसं नेमली. नवरंगाची बाजू तुझ्या भाऊजींनी मांडावी, असं ठरवलं. धरणावरची नोकरी संपल्यापासून हा माणूस गळ्यात दुर्बीण घालून हिंडतो. शीळ ऐकू आली की ताटावरून उठतो, हात धुवायचं भान राहत नाही, आणि गेली सहा वर्षं दर पावसाळ्यात माझी वरणाची वाटी त्या पक्ष्यामुळे गार होते. सात्यांची बाजू शालूबाईंकडे. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या, भाजी विकतात, आणि सात्यांच्या दिवसांत त्यांची टोपली कधी रिकामी नसते. त्यांना बोलायला लावायची गरज नसते, थांबवायची असते. मला वाटलं, समाजमंदिरात आता चांगली झुंज होईल. खुर्च्या मोजून लावल्या होत्या.

तुझे भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्षबाई, पक्षी ठीक आहे. पण त्यात इतकं काही नाही. चार महिने राहतो न चालला जातो. त्याले गावचा कसा म्हणावं? अन् दिसत तं कोणालेच नाही." एवढं बोलून बसले. मला वाटलं पाणी प्यायला बसले असतील. पण ते पुन्हा उठलेच नाहीत. मग शालूबाई पदर खोचून उठल्या. "सात्यात काय ठेवलं हाये बाई? रबरावानी लागते. मागल्या साली माह्या पोटात असं दुखलं का दोन दिस उठली नाई मी. ते पाखरू पाहा ना, कसं रंगून आल्यावानी दिसते. कमानीवर त्यालेच बसवा." त्यावर तुझे भाऊजी परत उभे राहिले आणि सात्यांच्या रश्शाचं असं वर्णन केलं की पहिल्या रांगेतली माणसं गिळायला लागली. शालूबाईंनी नवरंगाची शीळ तोंडाने वाजवून दाखवली. म्हणजे ज्याला ज्याचा वकील केलं, तो त्याच्याविरुद्ध साक्ष देत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती मोठं मन, दोघंही दुसऱ्याचं कौतुक करतात, असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं, हे लिहायची लाज वाटते. चौतीस वर्षं शिकवून मला अजून कळत नाही की दोन मुलं एकदम शहाण्यासारखी वागायला लागली की दप्तर तपासायचं असतं.

गुण बरोबर निघाले. एकतीसला एकतीस.

(आता कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. कुकर लावलेला नव्हता. शेजारच्यांचा होता.)

राहिला होता नववा रकाना. अर्ज ऑनलाइन आहे आणि त्यात नऊ रकाने आहेत. नवव्यात लिहायचं, 'प्रत्यक्ष आढळण्याचे ठिकाण'. तो रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही. मी तीनदा करून पाहिलं. आणि भरला की ते ठिकाण नकाशावर लाल टिंब होऊन बसतं, आणि कमान बघणारा कोणीही मोबाइलवर ते उघडू शकतो. हे मला त्या वेळी फार उत्तम वाटलं होतं. नोंद म्हणजे नोंद. मी शालूबाईंना म्हटलं, मला सात्यांची जागा दाखवा.

धनंजय, तू त्यांचा चेहरा पाहायला हवा होतास. मी त्यांच्या घरची चावी मागितली असती तर त्यांनी दिली असती. सात्यांची जागा आईकडून लेकीला जाते किंवा सासूकडून सुनेला, आणि तीही सासू बसल्या जागी सांगत नाही, सोबत नेऊन दाखवते. जाताना हातात विळा आणि दोर घ्यायचा, म्हणजे कोणी पाहिलं तर गवताला चालल्या असं वाटावं. आधी उलट्या दिशेला निघायचं आणि मग वळायचं. वाटेत कोणी भेटलं तर कुठे निघालात हे विचारायचं नाही, कारण विचारणारीही तिकडेच निघालेली असते. हे सगळं मला ऐकून ठाऊक होतं. पण अर्ज भरायचा होता. पहिल्या दिवशी त्यांनी मला धरणाच्या बाजूला नेलं. तिथे दगड होते. दुसऱ्या दिवशी एका बांधाबांधाने दीड तास चालवलं आणि जिथून निघालो तिथेच आणून सोडलं. तिसऱ्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले आणि म्हटलं, शालूबाई, मी चौसष्ट वर्षांची आहे, मी इथेच बसते, तुम्ही तुमच्या जागेवर जाऊन या. त्यांनी विळा खाली ठेवला. मग माझ्याजवळ बसल्या आणि भलतंच बोलायला लागल्या. लेक अल्लीपूरला दिली आहे, तिला रानात पाय ठेवायला आवडत नाही. सुनेला बटन मशरूमची पाकिटं बरी वाटतात. "माह्यासंगं जाईन मंग ते जागा," असं म्हणाल्या, आणि उठल्या. "चाला बाई. पण कोणाले सांगू नोका. नानाजीले बी नाई." नानाजी म्हणजे तुझे भाऊजी. मी शब्द दिला. मी शब्द देते तेव्हा देते.

जागा कुठे आहे ते तुलाही लिहीत नाही. जंगल खात्याच्या हद्दीत नाही, एवढं पुरे. एक नाला आहे, एक जुनं वारूळ आहे, आणि त्याच्या भोवती सात्या अशा निघाल्या होत्या की पाऊल कुठे ठेवावं कळेना. शालूबाई खाली बसल्या आणि एकेक सात्या बुडाशी बोट घालून, वारूळ न दुखवता, उचलायला लागल्या. तोंडाने एक शब्द नाही. या बाईला गप्प मी पहिल्यांदा पाहिलं. मी वर बघितलं तर पाच हातांवर झुडपात पाल्याचा आणि काड्यांचा एक गोळा, कोणी चेंडू करून ठेवल्यासारखा, आणि त्याच्या बाजूच्या भोकातून काजळाची रेघ माझ्याकडे बघत होती. नवरंगाचं घरटं. मुलांना मी त्याची आकृती वीस वर्षं काढून दाखवली, आणि त्या दिवशी कळलं की दार चुकीच्या बाजूला काढत होते.

त्या घरट्यासमोर, पळसाच्या आडोशाला, गवत दबलेलं होतं. एका माणसाच्या बसकणीएवढं, रोजच्या सवयीने दबलेलं. शालूबाई हळूच म्हणाल्या, "रानडुक्कर येऊन बसते इथं. दोन सालापासून पाहून राह्यली मी." मी जवळ जाऊन पाहिलं. गवतात फुटाण्याची सालं पडली होती. खारे फुटाणे. डॉक्टरांनी तुझ्या भाऊजींना मीठ बंद केलंय त्यालाही दोन सालंच झाली. मी पायाने सालांवर पाला लोटला आणि म्हटलं, हो, डुक्करच दिसतं. ते डुक्कर एकेचाळीस वर्षं माझ्या घरात राहतं, हे मी त्यांना कसं सांगणार? शब्द दिला होता तो नवऱ्याला न सांगण्याचा. नवऱ्याविषयी न सांगण्याचा दिला नव्हता, पण ते त्यातच आलं, असं मी धरते.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी शांत बसले असते. मागच्या आठवड्यात चहाच्या वेळी तुझ्या भाऊजींनी दार लोटलं, खुर्ची जवळ ओढली, आणि लग्नात बोलले होते त्याहून हळू आवाजात म्हणाले, "तुले एक सांगतो. पण तुह्यापाशीच ठेवजो." आणि मला नाला, वारूळ, झुडूप सगळं सांगितलं. दोन वर्षं ते तिथे एकटे जाऊन बसतात. मागे एकदा दुसऱ्या एका घरट्याची जागा त्यांनी मोठ्या मनाने एका फोटोवाल्या मंडळाला सांगितली होती. ती मंडळी मोबाइलवर शीळ वाजवत आली, फांद्या बाजूला बांधल्या, आणि चौथ्या दिवशी घरटं रिकामं होतं. म्हणून त्या दिवशी समाजमंदिरात त्यांनी पक्ष्याची बदनामी केली. "मले वाटलं सात्या जिंकल्या तं इकडे कोणी फिरकणार नाही." मी चहा ढवळत राहिले. साखर घातलेलीच नव्हती. मग म्हणाले, की एकाच गोष्टीची भीती आहे. तिथे अस्वल येतं. वारुळापाशी येऊन उधई खातं, त्यांनी त्याची पावलं ओल्या मातीत पाहिली आहेत, चांगली मोठी आणि रुंद. शालूबाईंच्या पावलांविषयी मला काही म्हणायचं नाही.

म्हणजे बघ. एक जागा. त्या जागेवर एक डुक्कर येतं आणि एक अस्वल येतं. दोघंही एकमेकांना घाबरून वेगवेगळ्या वेळी येतात, आणि दोघांनीही मला शपथेवर सांगितलं आहे की तिसऱ्याला कळता कामा नये. ती तिसरी मीच आहे, आणि जागा लाल टिंबात भरायचं कामही माझंच आहे. कोणताही जीव कमानीवर चढला तरी माणसं त्याच नाल्यावर जाणार. सात्या निवडल्या तर वारूळ फावड्याने उकरलं जाईल आणि शालूबाईंच्या हातात काही राहणार नाही. नवरंग निवडला तर तुझे भाऊजी पुढच्या मेमध्ये रिकाम्या झुडपासमोर फुटाणे खात बसतील. मी त्यांना मिठावरून बोलले नाही. यावरून मी किती हलले आहे ते तुला कळेल.

रंजिताकडे गेले. म्हटलं, तो रकाना काढून टाक. ती म्हणाली, "बाई, तो वरून आलेला हाये. माह्या हातात राह्यलं असतं तं मी अर्जच काढला असता." म्हटलं, मग खोटं लिहू का? तर तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तिच्या बेडकाकडे पाहायची. "तुमी? अन् खोटं?" आणि हसली. त्या हसण्याचा मला फार राग आला. हजेरीपटावर मी कधी एक टिंब खोटं मांडलं नाही. साहेब तपासणीला आले तेव्हाही गैरहजर मुलगा गैरहजरच लिहिला. रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला माझा आवाज बसला. शेजारच्या बाईंनी खडीसाखर पुढे केली.

दहा तारीख शेवटची होती. निकाल मी दोघांनाही सारखा दिला आहे. कमानीवर सात्यांच्या छत्रीखाली नवरंग उभा राहील. (चित्रकाराने कच्चं चित्र दाखवलं. त्यात नवरंगाला लांब शेपूट आहे. ती कापायला सांगितली आहे.) पंधरा तारखेला ग्रामसभेत जाहीर होईल आणि तुझे भाऊजी व शालूबाई दोघंही माझ्याशी बोलणं सोडतील. नववा रकाना मी भरला, पान पुढे गेलं, हिरवी खूण आली. अर्जाला फोटो लागत होता. शालूबाईंच्या टोपलीतल्या तीन सात्या घेऊन मोगऱ्याच्या कुंडीत खोचल्या आणि जवळून काढला. नवरंगाचा फोटो तुझ्या भाऊजींच्या जुन्या फोटोंतला दिला. त्यात पान जास्त आणि पक्षी कमी आहे, पण खरा आहे.

बाकी सर्व ठीक. काळजी करण्यासारखं काही नाही. चालत जा, बसू नकोस.

तुझी
मीराताई

ता. क. १ : नवव्या रकान्यात काय लिहिलं, असं तू विचारणारच, म्हणून सांगून टाकते. तुझा तो आंब्याच्या वाटेवरचा पडीक तुकडा, ज्याला तू अकरा वर्षांत पाय लावला नाहीस, त्याचा गट नंबर लिहिला आहे. मला दुसरा कोणाचा पाठ नव्हता.

ता. क. २ : येत्या रविवारी लाल टिंब बघून पहिली मंडळी येणार आहेत, जिपा सांगून झाल्या आहेत. तरी सोबत मजकूर पाठवते तो स्वतःच्या अक्षरात उतरवून, सही करून, परतीच्या डाकेने पाठवावा. 'सदर जागा माझ्या मालकीची असून पक्षी अथवा अळिंबी पाहण्यासाठी कोणासही आत येण्याची परवानगी नाही. धनंजय.' एवढंच. कारणं देऊ नकोस, तुला नीट देता येत नाहीत. हे पत्र मुळात याच कामासाठी लिहायला बसले होते. तब्येतीचं मधे आलं.

ता. क. ३ (१३ तारीख, सकाळ) : पत्र टपालात टाकण्याआधी मनाची खात्री करावी, तिथे खरंच काही नाही ना, म्हणून काल दुपारी तुझ्या तुकड्यावर जाऊन आले. जाताना विळा आणि दोर नेला होता आणि आधी बाजाराच्या दिशेने निघाले होते. घरी काल संध्याकाळी सात्यांची भाजी होती. तुझ्या भाऊजींना सांगितलं, सेलूहून आणली. त्यांनी दोनदा वाढून घेतली. तेव्हा वरच्या मजकुरात 'कोणासही' या शब्दाआधी 'माझ्या मोठ्या बहिणीखेरीज' असं घालावं. आणि तू यायचं ठरवलंस तर ये, राहा, जेव. पण तुकडा तुझा असला तरी जागा कोणत्या बांधाला आहे ते मला विचारू नकोस.